परदेशांतून परततांना मोटार आणावी काय?

परदेशांत दहा-पांच वर्षें काढून स्वदेशीं परतण्याचा बेत एकदां ठरला, म्हणजे घरांतील प्रत्येक वस्तूविषयीं एकच प्रश्न उभा राहतो : ही बरोबर न्यावी, विकावी, कीं कोणास देऊन टाकावी? पुस्तकें, भांडीं, कपडे यांचा निकाल फारसा वाद न होतां लागतो. वाद होतो तो दारांत उभ्या असलेल्या मोटारीवरून. तिचे हप्ते नुकतेच फिटलेले असतात. मुलांचें शाळेंत जाणें-येणें तिच्यांतूनच झालेलें असतें. आणि तसल्याच गाडीची स्वदेशांतील किंमत कानीं आली कीं, 'हीच घेऊन गेलों तर?' हा विचार सहज मनांत येतो. विचार स्वाभाविक आहे. परंतु तो ज्या गृहीतावर उभा आहे तें तपासून पाहणें अवश्य आहे. तें गृहीत असें कीं, मोटार म्हणजे घरच्या सामानांतलाच एक मोठा नग होय.

कायद्याच्या दृष्टीनें तसें नाहीं. भारताच्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यांत प्रवाशाच्या सामानाची जी व्याख्या दिलेली आहे, तींतून मोटार-वाहनें स्पष्ट शब्दांनीं वगळलेलीं आहेत. दीर्घकाळ बाहेर राहून कायमच्या परतणाऱ्या कुटुंबास घरगुती सामानावर ज्या सवलती मिळतात, त्यांचा लाभ म्हणूनच मोटारीस मिळत नाहीं. हा भेद वरवर रुक्ष वाटला, तरी त्यांत एक साधें सत्य आहे. लंडनमधील मेज पुण्यास आणलें तरी तें मेजच राहतें. मोटारीचें तसें नाहीं. मोटार ही अर्धी वस्तु आहे. तिचा उरलेला अर्धा भाग म्हणजे तेथला रस्ता, रस्त्याची बाजू, तेथलें इंधन, तेथले सुटे भाग आणि तेथलें नोंदणी-पुस्तक. जहाजांत चढते ती फक्त पहिली अर्धी. दुसरी मागेंच राहते.

वापरलेली मोटार देशांत येऊं देण्यापूर्वीं भारताच्या आयात-धोरणानें घातलेल्या अटी या दृष्टीनें पाहिल्या, म्हणजे त्यांचा अर्थ लागतो. पहिली अट स्टिअरिंगची. भारतांत वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात. म्हणून स्टिअरिंग उजवीकडे असलेंच पाहिजे. या एका अटीनें पुष्कळांचा प्रश्न जागच्या जागीं सुटतो. अमेरिका, कॅनडा, जर्मनी, दुबई, मस्कत, दोहा हीं सर्व उजव्या बाजूनें चालण्याचीं ठिकाणें. तेथील गाड्यांचें स्टिअरिंग डावीकडे असतें. महाराष्ट्रांतून नोकरी-धंद्यासाठीं गेलेल्या कुटुंबांपैकीं बहुतेक अमेरिकेंत आणि आखाती देशांत आहेत. त्यांच्या मोटारींना हें दार बंदच आहे. विचार करण्यास जागा उरते ती इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, केनया, दक्षिण आफ्रिका अशा देशांतून परतणाऱ्यांना.

दुसरी अट वयाची. गाडी तयार झाल्याच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी नसावी. येथें तारीख मोजावयाची ती कारखान्यांतील निर्मितीची, विकत घेतल्याची नव्हे. दुकानांत सहा महिने उभी राहून मग विकली गेलेली गाडी मालकास अडीच वर्षांची वाटते, पण कायद्याच्या हिशेबीं ती तीन वर्षांची झालेली असते. तिसरी अट वेगमापकाची आणि दिव्यांची. वेग किलोमीटरमध्यें दिसला पाहिजे, आणि पुढच्या दिव्यांचा झोत डाव्या बाजूच्या वाहतुकीस योग्य असा पडला पाहिजे. इंग्लंडची गाडी दिव्यांच्या बाबतींत उतरते. पण तेथें अद्याप मैल चालतात, हें ध्यानांत ठेवावें. चौथी अट अशी कीं, गाडी आयातीपासून निदान पांच वर्षें रस्त्यावर चालण्यास लायक असावी, आणि त्या मुदतींत तिच्या दुरुस्तीची सोय देशांत होईल याची हमी असावी. मागें राहिलेला जो अर्धा भाग म्हटला, त्याचीच ही कायद्यानें केलेली चौकशी होय.

यांखेरीज वापरलेली मोटार उतरावयाची ती केवळ मुंबई बंदरांत. आणि गोदींतून सुटण्यापूर्वीं तिची तपासणी ठराविक संस्थांकडून करून घ्यावी लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, अहिल्यानगर येथील संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्था आणि मध्यप्रदेशांत बुदनी येथील केंद्रीय शेतीयंत्र संस्था या त्यांपैकीं होत. ही व्यवस्था मुख्यतः कारखानदार व व्यापारी यांच्या सोयीची आहे. एका कुटुंबानें एका गाडीसाठीं ती सारी वाट चालावी, ही गोष्ट अशक्य नसली तरी सोपीही नाहीं.

आतां हिशेब. सर्व अटींत बसणारी एक मोटार इंग्लंडमध्यें आहे, नवी असतांना तिची किंमत २०,००० पौंड होती, आणि तिला दोन वर्षें पूर्ण झालीं आहेत, असें समजूं. जकातीसाठीं मूल्य ठरवितांना पहिल्या वर्षीं दर तिमाहीस ४ टक्के आणि दुसऱ्या वर्षीं दर तिमाहीस ३ टक्के घसारा धरण्याची रीत आहे. म्हणजे दोन वर्षांचा घसारा २८ टक्के. मूल्य राहिलें १४,४०० पौंड. त्यांत जहाजभाडें व विमा मिळवावा लागतो. तो १,६०० धरला, तर जकातीचें मूल्य १६,००० पौंड झालें. बोटीच्या भाड्यावरही जकात भरावी लागते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं.

वापरलेल्या मोटारीवर पूर्वीं १२५ टक्के जकात आणि त्यावर अधिभार असे. २०२५ च्या अर्थसंकल्पांत मूळ जकात ७० टक्क्यांवर आली खरी, परंतु तिच्या जोडीला ६७.५ टक्के उपकर आला. नांवें बदललीं, बेरीज पूर्वींचीच राहिली : १३७.५ टक्के. सोळा हजारांवर हे २२,००० पौंड झाले. आतां वस्तु-सेवा-कर या दोहोंच्या बेरजेवर, म्हणजे ३८,००० पौंडांवर बसतो. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर हा कर ४० टक्के आहे. म्हणजे आणखी १५,२०० पौंड. एकूण कर ३७,२०० पौंड! गाडी लहान असून १८ टक्क्यांच्या वर्गांत बसली, तरी कराचा आंकडा २८,८४० पौंडांवर जातो. म्हणजे चौदा हजारांची गाडी घरीं आणण्यास तिच्या दुपटीहून अधिक रक्कम केवळ सरकारांत भरावयाची. शिवाय राज्याचा रस्ता-कर, तपासणीचा खर्च, गोदींतील आकार आणि एजंटाची मजुरी हीं निराळीं.

या हिशेबांत प्रवासाचा धोका अद्याप धरलेलाच नाहीं. मोटार समुद्रावरून दोन रीतींनीं येते. एक, पोटांत मजल्यामागून मजले असलेल्या खास जहाजांत ती हांकत नेऊन उभी करतात. दुसरी, कंटेनरमध्यें बंद करून. वीस फुटी कंटेनरची आंतली लांबी सुमारें ५.९ मीटर असते. तेव्हां त्यांत एक गाडी आणि थोडें सामान एवढेंच मावतें. कोणत्याही रीतीनें आणली तरी सागरी विमा अवश्य उतरवावा. १६ फेब्रुवारी २०२२ रोजीं अझोर्स बेटांजवळ 'फेलिसिटी एस' या मोटारवाहू जहाजास आग लागली, आणि १ मार्च रोजीं तें सुमारें ४,००० मोटारींसह बुडालें. जहाज न बुडतांही झळ लागूं शकते. सागरी व्यापाराचा एक फार जुना नियम असा कीं, जहाज व माल वांचविण्यासाठीं मुद्दाम केलेला खर्च किंवा सोसलेली हानि सर्व मालधन्यांनीं आपापल्या मालाच्या प्रमाणांत वांटून घ्यावी. २०२१ च्या मार्चमध्यें 'एव्हर गिव्हन' हें जहाज सुवेझच्या कालव्यांत अडकलें, तेव्हां याच नियमाचा पुकारा झाला. विमा नसलेल्या मालकास असा वांटा, किंवा त्याबद्दलची हमी, दिल्याखेरीज आपला माल हातीं घेतां येत नाहीं.

येथें एका घातक गैरसमजाचाही उल्लेख केला पाहिजे. परदेशांतून मोटार निघाली, म्हणजे ती स्वदेशीं उतरणारच, असें अनेकांस वाटतें. अमेरिकेंतून वापरलेली मोटार बाहेर काढतांना मालकीचे कागद निदान ७२ तास अगोदर तेथील जकात-खात्यापुढें ठेवावे लागतात. ते बरोबर असले म्हणजे गाडी जहाजांत चढते. ती भारतांत चालेल कीं नाहीं, हें तेथील अधिकारी पाहत नाहीं, आणि भाडें मिळाल्यावर जहाजवाल्यालाही त्याची चिंता नसते. निघण्याची परवानगी ती उतरण्याची परवानगी नव्हे. अटींत न बसणारी गाडी मुंबईच्या धक्क्यावर आली, तर ती जप्तीस पात्र ठरते. दंड भरून सोडविणें किंवा परत पाठविणें हे मार्ग असले, तरी निकाल लागेपर्यंत गोदीचें भाडें दिवसेंदिवस चढत राहतें. मोह आवरला नाहीं, तर मोटारही जाते आणि तिच्यामागें गांठचा पैसाही जातो.

मग मोटार नेणें हें सर्वत्रच वेडेपणाचें आहे काय? तसेंही नाहीं. उत्तर देशागणिक बदलतें. सलग बारा महिने बाहेर राहून ब्रिटनमध्यें परत राहावयास जाणाऱ्यास, निदान सहा महिने स्वतःच्या मालकीची व वापरांत असलेली मोटार अर्ज मंजूर झाल्यास करमाफीनें नेतां येते. मात्र पुढें बारा महिने ती विकतां किंवा भाड्यानें देतां येत नाहीं. उलट अमेरिकेंत, २५ वर्षांहून कमी वयाची गाडी तेथील सुरक्षिततेच्या प्रमाणांस उतरणारी नसेल, तर सामान्यतः कायमची नेतां येत नाहीं. म्हणून एका देशांतील स्नेह्याचा अनुभव दुसऱ्या देशास लावूं नये. आणि नियम व दर बदलते असल्यानें, निघण्याच्या सुमारास ते पुन्हा एकदां पाहून घ्यावे.

भारतांत परतणाऱ्या सामान्य कुटुंबापुरतें उत्तर मात्र जवळजवळ ठरलेलें आहे : मोटार तेथेंच विकावी. परंतु तीही घाईनें विकूं नये. निघण्याच्या आठवड्यांत विकणाऱ्याची निकड गिऱ्हाइकास दिसते, आणि भाव पडतो. दोन-तीन महिने आधीं कर्ज फेडून मालकीचा कागद मोकळा करून घ्यावा, थकलेले दंड भरावे, दुरुस्त्यांच्या पावत्या एकत्र ठेवाव्या, आणि शेवटचे थोडे दिवस भाड्याच्या गाडीवर काढण्याची तयारी ठेवावी. विक्रीनंतर नोंदणी नव्या मालकाच्या नांवें झाल्याचा पुरावा हातीं असल्याखेरीज विमानांत पाऊल ठेवूं नये; नाहीं तर दुसऱ्यानें केलेल्या अपराधाचा दंड जुन्या मालकाच्या नांवें येत राहतो.

राहतां राहिला प्रश्न मायेचा. ज्या गाडींतून मुलांचें लहानपण गेलें, ती परक्याच्या हातीं देतांना मन कचरतें, यांत नवल नाहीं. पण त्या गाडीचें मोल ज्या प्रवासांमुळें वाढलें, ते प्रवास ज्या रस्त्यांवर झाले, ते रस्ते कोणत्याही जहाजांत मावत नाहींत. स्वदेशीं परतणाऱ्या कुटुंबास पहिल्या वर्षांत घर लावावयाचें असतें, मुलांस शाळेंत घालावयाचें असतें, वडीलधाऱ्यांच्या औषधपाण्याकडे पाहावयाचें असतें. आणि या सर्वांस रोख पैसा लागतो. दुपटी-अडीचपटीचा कर वांचवून ती रक्कम या कामीं लावणें, हाच मोटारीनें केलेल्या सेवेचा अधिक चांगला शेवट होय.