आठांची पंगत

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला जाणता माणूस आधी दात बघतो, मग खूर बघतो आणि शेवटी मालकाला म्हणतो, "आता चालवून दाखवा." घोडा रेवाल चालीचा असला तर स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हिंदकळत नाही, असं म्हणतात. दत्तजयंतीच्या त्या गर्दीत मी हे लहानपणापासून ऐकत आलो. पुढे एका स्नेह्यांच्या नाशिकच्या शेडमध्ये 1938 ची ब्यूइक सुरू झाली, तेव्हा मी पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी इंजिनाच्या झाकणावर ठेवली. पाण्यावर नुसती शिरशिरी उमटली, थेंबही सांडला नाही. आठ सिलिंडर एका ओळीत असलेल्या इंजिनाची, म्हणजे स्ट्रेट-एटची, रेवाल चाल ती हीच.

माझा धंदा नंदुरबारात लेथचा. ट्रॅक्टर, जीप आणि विहिरीवरची डिझेल इंजिनं यांच्या क्रँका घासण्यात हयात गेली. आमच्याकडे ओळीत आठ काही दिसलंच, तर ती मिरचीची पथारी! पण कॉलेजात असताना एका मासिकात इंदूरच्या यशवंतराव होळकरांच्या ड्यूसेनबर्ग गाडीचा फोटो पाहिला आणि तेव्हापासून या इंजिनाने मला सोडलेलं नाही.

इतिहास थोडक्यात उरकतो. इटलीच्या इसोटा फ्रास्किनीने 1919 मध्ये असं इंजिन विक्रीच्या गाडीत घातलं. अमेरिकेत ड्यूसेनबर्गने ते 1921 मध्ये आणलं आणि त्याच वर्षी त्यांच्या गाडीने ल मान्सला फ्रेंच ग्रां प्रीही जिंकली. मग ब्यूइक, पॅकार्ड, पॉन्टियॅक सगळेच त्या वाटेला लागले. आटोपशीर व्ही-एट आलं आणि 1954 पर्यंत या तिघांनीही लांब इंजिनं बंद केली. इतकं पुरे.

आता माझ्या आवडीचं. दोन फेऱ्यांत आठ स्फोट, म्हणजे क्रँक दर 90 अंश फिरला की एक धक्का. आतल्या पिस्टनांची ओढाताण एकमेकांना खोडून काढते, म्हणून चाल रेशमासारखी. मात्र या गुणाची किंमत लांबीत मोजावी लागते. धुतलेली चादर दोघांनी दोन टोकांना धरून पिळावी, तसा लांब क्रँक प्रत्येक धक्क्याला सूक्ष्म पीळ खातो आणि सुटतो. क्रँक जितका लांब, तितकी ही थरथर कमी वेगातच सुरू होते. ठरावीक वेगाला धक्क्यांचा ताल आणि थरथरीचा ताल जुळला, की क्रँक मोडायची वेळ येते. म्हणून या इंजिनाचा जोर वाढवायला बसलेल्या माणसाने कार्बोरेटरला हात लावण्याआधी या पिळाचा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे.

ड्यूसेनबर्गच्या मॉडेल जे या गाडीत यावर जो उपाय होता, तो वाचून मी रात्रभर झोपलो नव्हतो. त्यांनी क्रँकला दोन बंद डब्या बोल्टने जोडल्या आणि त्यांत पारा भरला, काठोकाठ नव्हे, थोडी जागा ठेवून. क्रँक थरथरला की पारा आतल्या पडद्यांवर आपटतो, घासतो आणि थरथरीची ताकद स्वतःच जिरवतो. लहानपणी फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा तळहातावर खेळवणाऱ्या आमच्या पिढीला यातली गंमत लगेच कळेल. (आता कुणी तसं करू नये, पारा विषारी असतो.) 6.9 लिटरच्या त्या इंजिनाला 32 व्हॉल्व्ह होते आणि कंपनी 265 अश्वशक्तीचा दावा करायची. 1932 मध्ये याच गाडीची एसजे ही आवृत्ती आली. तिच्यात क्रँकवरून फिरणारा पंखा हवा दाबून इंजिनात कोंबायचा आणि दावा 320 वर गेला. त्यासाठी कनेक्टिंग रॉड बदलून पोलादी नळीचे केले, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक केल्या. आधी हाडं मजबूत, मग खुराक! आमच्याकडे बरोबर उलटं चालतं. जीपला टर्बो बसवतात आणि महिन्याभरात ब्लॉक घेऊन माझ्या दारात येतात.

होळकरांची गाडी यातलीच, 1936 ची एसजे. सांगाडा अमेरिकेचा, त्यावर लंडनच्या गर्नी नटिंगने चढवलेली दोन माणसांची केशरी-काळी बॉडी. सुमारे 3.9 मीटरचा व्हीलबेस आणि बसणार दोघं! यशवंतरावांची हौस औरच होती. त्यांचा माणिकबाग राजवाडा जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसिउस यांनी बांधला. शहाद्याहून खेतिया, पानसेमल, सेंधवा करत मी एकदा इंदूरला गेलो तो केवळ ती वास्तू बघायला. तिथे आता केंद्रीय कराचं कार्यालय आहे. फाटकावरच्या शिपायाने विचारलं, "काय काम आहे?" मी म्हणालो, "गाडी बघायला आलोय." तो म्हणाला, "पार्किंग मागे आहे." होळकरांची गाडी केव्हाच अमेरिकेला गेली, हे मलाही ठाऊक होतं, पण जिथे ती उभी राहिली असेल ती जमीन तरी बघावी, असं वाटलं होतं.

पिळानंतरचा दुसरा प्रश्न पंगतीचा. आठ पानं लांब मांडली आणि वाढपी एकच, तोही मधोमध उभा. मग टोकाच्या पानापर्यंत श्रीखंड पोचतं का? एक कार्बोरेटर आणि लांब मॅनिफोल्ड असला की हेच होतं. थंड इंजिनात पेट्रोलचे थेंब नळीच्या भिंतीला चिकटतात, वळणावर हवा वळते पण थेंब सरळ पुढे जातात. कुणाला जास्त, कुणाला कमी. जोर वाढवणाऱ्या सगळ्या थोरांनी शेवटी वाढपी वाढवले. अल्फा रोमिओच्या व्हित्तोरियो यानोंनी 8सी गाडीत आठांचे चार-चार केले. क्रँकचे दोन तुकडे मध्ये दातेरी चाकांशी जोडले, म्हणजे कॅमशाफ्ट मधूनच फिरतात आणि पीळही आवरतो. 2.9 लिटरच्या 8सी 2900 मध्ये दोन सुपरचार्जर आहेत, चार-चार सिलिंडरला एकेक. ड्यूसेनबर्गच्या एका खास गाडीला दोन कार्बोरेटर लावून सुमारे 400 अश्वशक्ती काढली. एब जेंकिन्स यांनी ती 1935 मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर चोवीस तास पळवली. सरासरी वेग ताशी 135 मैलांहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे 218 किलोमीटर.

ब्यूइकने हेच मध्यमवर्गीय पद्धतीने केलं. त्यांचं 320 घनइंची, म्हणजे 5.2 लिटरचं इंजिन 1936 मध्ये 120 अश्वशक्तीचं होतं. 1938 मध्ये पिस्टनच्या डोक्याचा आकार बदलून आणि कॉम्प्रेशन वाढवून ते 141 वर गेलं, 1941 मध्ये दोन कार्बोरेटरनी 165 वर. मागचा कार्बोरेटर एरवी झोपलेला, पाय जोरात दाबला तरच जागा होणारा. ब्लॉक तोच, पोट तेवढंच, आणि पाच वर्षांत 45 घोडे वाढले. मला ही कामगिरी होळकरांच्या गाडीपेक्षाही मोठी वाटते. मित्र हसतात, हसू देत.

नाशिकच्या ब्यूइकवर मी हेच धडे गिरवायला गेलो. जुनं इंजिन तेव्हाच्या हलक्या पेट्रोलसाठी बनलेलं, आजचं पेट्रोल जास्त कॉम्प्रेशन सोसतं, म्हणून हेडचं हलकं फेसिंग केलं. पण बेअरिंग जुन्या पद्धतीने ओतलेल्या व्हाइट मेटलचे, तेव्हा फार हाव धरायची नाही. शिवाय पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आमच्या शहाद्याकडे ऊस पिकतो, मी तक्रार करणं बरं नव्हे. पण त्याने मिश्रण पातळ पडतं आणि जुने रबरी पाइप फुगतात. जेट थोडे मोठे केले, पाइप बदलले.

चूक केली ती मॅनिफोल्डवर. लांब बिडाचा मॅनिफोल्ड तापला की दोन-अडीच मिलिमीटर वाढतो. ब्यूइकवाल्यांनी त्याला सरकायला जागा ठेवली होती, नट बेतानेच आवळायचे. मी ट्रॅक्टरचा माणूस, दीड हाताचा पाना घेऊन करकचून आवळले. दोनशे किलोमीटरमध्ये टोकाचा कान तडकला. स्पार्क प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, तर मधले सहा चॉकलेटी आणि टोकाचे दोन पांढरेफटक. फटीतून बाहेरची हवा शिरून टोकांची पानं उपाशी राहिली होती. माझे म्हातारे मिस्त्री, ज्यांच्याकडे मी शिकलो, ते प्लगकडे बघून एवढंच म्हणाले, "भाऊ, म्हशीला बांधतात तसं बांधलं का?" मॅनिफोल्ड वेल्ड करून घेतला, सपाट केला, ग्रॅफाइट लावून बसवला आणि नट छोट्या पान्याने एका हाताने आवळले. माझ्या साऱ्या करामतींपैकी गाडीत जीव आला तो या दुरुस्तीने.

गेल्या दिवाळीनंतर स्नेह्यांनी गाडी शहाद्याला आणली आणि आम्ही तोरणमाळला निघालो. सातपायरी घाट म्हणजे अशा गाडीची तोंडी परीक्षा. वर हवा विरळ होते, हजार मीटरला साधारण दहा टक्के जोर कमी पडतो, मिश्रणही घट्ट होतं. दाबून हवा भरणाऱ्या पंख्याची किंमत इथे कळते. तरी ब्यूइक दुसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता चढली. काटा तापला तेव्हा दोनदा थांबलो. पाडवी वस्तीतली पोरं बॉनेटच्या लांबीला पावलं घालून मोजत होती. वर यशवंत तलावापाशी गाडी लावली. नाव वाचून मला उगाच होळकर आठवले. इंजिन निवल्यावर प्लग काढले आणि कालच्या पेपरावर ओळीने मांडले. सात सारखे चॉकलेटी. आठवा किंचित फिका. स्नेही म्हणाले, "चालेल हो, जेवायला चला." मी छोटा पाना शोधत होतो.