एकच इंजिन, दोन नशिबं

१९८० साली इंग्लंडमधल्या दोन गाड्यांचं उत्पादन थांबलं. पहिली एमजीबी. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनणारी, टप उघडता येणारी छोटी स्पोर्ट्स कार. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद होणार असं १९७९च्या सप्टेंबरात जाहीर झालं, तेव्हा एमजीचे चाहते निषेध करायला लंडनच्या रस्त्यावर उतरले होते. दुसरी मॉरिस मरीना. ऑक्सफर्डमधल्याच काउलीत बनणारी, एखाद्या मास्तरांनी किंवा फिरत्या विक्रेत्यानं घ्यावी अशी साधीसुधी गाडी. तिच्यासाठी कोणी रस्त्यावर आलं नाही. चेहऱ्यावर थोडी डागडुजी करून, 'इटाल' असं नवं नाव देऊन कंपनीनंच तिचं जुनं नाव गुपचूप पुसून टाकलं.

आता गंमत बघा. १.८ लिटरच्या मरीनाचं बॉनेट उघडलं की आत जे इंजिन दिसे, तेच एमजीबीतही होतं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी सिरीज, १७९८ सीसी. मरीनाच्या दोन कार्ब्युरेटरवाल्या आवृत्तीत तर ते जवळपास एमजीबीसारखंच बसवलेलं. तरीही आज इंग्लंडमध्ये कोणालाही विचारा. एमजीबी म्हणजे पहिली जुनी गाडी घेणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावी अशी, साधी आणि भरवशाची. आणि मरीना? भंगार.

मराठी माणसाला हे इंजिन परकं नाही. मंत्रालयाच्या आवारात लाल दिव्याच्या ज्या अ‍ॅम्बॅसॅडर रांगेनं उभ्या असत, त्या मुळात काउलीच्याच मॉरिस ऑक्सफर्ड; आणि अनेक दशकं त्यांच्यात बी सिरीजचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं. आडगावच्या मेस्त्रीनं चार पाने आणि एक हातोडी एवढ्यावर चालू करून द्यावी, असा त्या गाडीचा लौकिक. तेच घराणं मरीनात गेल्यावर बेभरवशाचं कसं होतं, याचं उत्तर यंत्रशास्त्रात सापडत नाही. ते लोकांच्या आवडीनिवडीत शोधावं लागतं. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या 'विश्वासार्हते'बद्दल गेल्या पन्नास वर्षांत जे बोललं गेलं, त्यातला बराचसा भाग गाडी देखणी होती की नव्हती, एवढ्यावरच बेतलेला आहे असं माझं मत आहे.

मरीनाचा जन्म घाईतला. १९६८मध्ये ब्रिटिश लेलँड ही महाकाय कंपनी उभी राहिली. ऑस्टिन, मॉरिस, एमजी, जॅग्वार, रोव्हर, ट्रायम्फ सगळे एका छपराखाली. देशातल्या गाड्यांच्या बाजारातला सुमारे ४० टक्के हिस्सा हाती, आणि नव्या गाड्यांसाठी खिशात पैसा नाही. आधीच्या दशकात याच घराण्यातल्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या मिनीनं जगभर नाव काढलं होतं. पण फोर्डच्या माणसांनी एक मिनी विकत घेऊन सुटी केली, प्रत्येक भागाची किंमत मांडली आणि निष्कर्ष काढला की ही कंपनी दर गाडीमागे सुमारे ३० पौंडांचा तोटा सोसत असणार. कीर्ती अमाप आणि गल्ला रिकामा. अशा वेळी फोर्डच्या कॉर्टिनाला टक्कर देणारी गाडी स्वस्तात आणि लवकर हवी होती. फोर्डकडूनच आलेल्या रॉय हेन्स या डिझायनरनं ती आखली. सस्पेन्शनची कल्पना घेतली थेट मॉरिस मायनरकडून, म्हणजे १९४८च्या गाडीकडून. १९७१च्या एप्रिलमध्ये मरीना बाजारात आली आणि पत्रकारांच्या हाती पडलेल्या पहिल्या १.८ लिटरच्या गाड्या वळणावर बाहेरच्या बाजूला ओढत निघाल्या. ओरड झाली, कंपनीनं पुढचं सस्पेन्शन लगोलग बदललं. गाडी सुधारली, पण पहिल्या आठवड्यातली बातमी तिच्या नावाला चिकटली ती चिकटलीच. वास्तविक लोकांनी आठ लाखांच्या वर मरीना घेतल्या. इतके लोक दहा वर्षं सतत मूर्खपणा करत होते, असं मानणं जरा अवघड आहे.

मरीनाची थट्टा झाली, पण अ‍ॅलेग्रोची तर धिंडच निघाली. ऑस्टिन अ‍ॅलेग्रो १९७३च्या मे महिन्यात आली. तिच्या आधीची ऑस्टिन-मॉरिस ११०० ही साठच्या दशकात ब्रिटनची सर्वाधिक खपाची गाडी होती, त्यामुळे अपेक्षा मोठ्या. डिझायनर हॅरिस मान यानं कागदावर काढलेली अ‍ॅलेग्रो सडपातळ आणि खरोखर आकर्षक होती. मग हिशेबनीस आणि इंजिनिअर आले. कंपनीकडचं ई सिरीजचं इंजिन उंच होतं, ते बसायला हवं. मरीनासाठी केलेला हीटरही यातच वापरायचा ठरलं, तोही उंच. एकेक इंच चढत बॉनेट वर गेलं, बाजू फुगल्या आणि शेवटी कारखान्यातून बाहेर पडली ती गुबगुबीत, गोंधळलेल्या चेहऱ्याची गाडी. त्यावर कळस म्हणजे चौकोनी स्टेअरिंग. कोपरे गोलसर केलेलं हे चाक फार आधुनिक दिसेल अशी कोणाची तरी समजूत होती. दोनेक वर्षांत कंपनीनं ते गुपचूप गोल केलं, पण तोवर देशाचं हसून झालं होतं. अ‍ॅलेग्रो देखणी होती असं म्हणण्याइतका मी धाडसी नाही.

मग दंतकथा सुरू झाल्या. चुकीच्या जागी जॅक लावला की मागची काच निखळून पडते. ही गाडी पुढं जाण्यापेक्षा उलटी जाताना वारा जास्त चांगला कापते. चाकंच गळून पडतात. यातल्या काही गोष्टींना सुरुवातीच्या गाड्यांतल्या खऱ्या दोषांचा आधार होता. पण या दोषांबरोबर दुसरी बाजू कोणी सांगत नाही. लहान अ‍ॅलेग्रोमध्ये ए सिरीजचं इंजिन होतं, म्हणजे १९५१मध्ये जन्मलेलं आणि २०००च्या ऑक्टोबरपर्यंत, शेवटच्या मिनीपर्यंत, बनत राहिलेलं इंजिन. मिनीत बसलं की ते 'अमर', अ‍ॅलेग्रोत बसलं की विनोद.

याच्या उलट उदाहरण हवं असेल तर ट्रायम्फ स्टॅग पाहा. तीच कंपनी, तेच दशक. इटालियन डिझायनर मिकेलोत्तीच्या हातची ही गाडी आजही बघणाऱ्याची मान वळवते. रोव्हरचं पारखलेलं ३.५ लिटरचं व्ही-८ इंजिन घरातच असताना ट्रायम्फनं तिच्यासाठी स्वतःचं ३ लिटरचं व्ही-८ वापरलं. त्यात पाण्याचा पंप इंजिनाच्या वरच्या टोकाला. पाणी जरा कमी झालं की पंप कोरडा फिरणार. वर अ‍ॅल्युमिनियमची हेडं तापून वाकणार. ओतकामात राहिलेली वाळू पाण्याच्या वाटा बुजवणार. टायमिंग चेन लवकर सैल पडणार. सुमारे २६ हजार गाड्या बनवून १९७७मध्ये हा संसार आवरला. म्हणजे महागडी आणि मुळातच सदोष इंजिनाची गाडी. तिला काय मिळालं? भक्त मिळाले, क्लब मिळाले, इंजिनातले दोष दूर करणारे कारागीर मिळाले. स्टॅगचा मालक गरम झालेल्या इंजिनाची कहाणी युद्धकथेसारखी सांगतो. अ‍ॅलेग्रोचा मालक गाडी नीट चालते हे सांगतानाही आधी माफी मागतो.

परदेशी गाड्यांनाही हीच सवलत. नेपल्सजवळ बनणारी अल्फासुद इतकी गंजायची की पत्र्याला बोट लावायची भीती वाटावी, पण चालवायला अप्रतिम, म्हणून तिचं नाव आजही आदरानं घेतात. लॅन्सिया बीटाच्या गंजापायी कंपनीला १९८०मध्ये ब्रिटनमधल्या गिऱ्हाइकांकडून गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. पण त्या प्रकरणातही सूर हळहळीचा. इटालियन गाडी तब्येतीनं नाजूक, ब्रिटिश गाडी मात्र नालायक.

हे सगळं निव्वळ रूपामुळं झालं असं मात्र नाही. मरीना आणि अ‍ॅलेग्रो यांचा काळच वाईट. १९७४च्या सुरुवातीला वीज वाचवण्यासाठी कारखाने आठवड्याला तीन दिवस चालले. १९७५मध्ये ब्रिटिश लेलँड बुडू नये म्हणून सरकारनं ती ताब्यात घेतली. संप रोजचेच झाले. लाँगब्रिजच्या कारखान्यातला कामगार नेता डेरेक रॉबिन्सन याला वृत्तपत्रांनी 'रेड रॉबो' केलं आणि १९७९च्या नोव्हेंबरात व्यवस्थापनानं त्याला काढून टाकलं. सत्तरच्या दशकातला ब्रिटन आठवायचा तर अंधारातली घरं, न उचललेला कचरा आणि बाजूला तपकिरी किंवा 'हार्वेस्ट गोल्ड' रंगाची अ‍ॅलेग्रो, असं चित्र नंतरच्या राजकारण्यांना आणि टीव्हीवाल्यांना फार सोयीचं झालं. एका देशाच्या घसरणीचा दोष एका हॅचबॅकसारख्या दिसणाऱ्या पण हॅचबॅक नसलेल्या गाडीवर (अ‍ॅलेग्रोला साधी डिकी होती!) टाकता आला.

दोष होतेच, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. एकाच मॉडेलची एक गाडी दहा वर्षं कुरकुर न करता चाले आणि शेजारची पहिल्या पावसात बंद पडे. विजेची कामं करणाऱ्या लुकास कंपनीला तर 'अंधाराचा राजकुमार' अशी पदवी मिळाली. इंग्रज कोमट बिअर का पितात? कारण त्यांचे फ्रिज लुकासनं बनवलेत. हा विनोद अमेरिकेपर्यंत पोचला. पुढं होंडाबरोबर केलेली रोव्हर ८०० 'स्टर्लिंग' नावानं अमेरिकेत गेली आणि ग्राहकांच्या समाधानाच्या यादीत तळाला पोचली, तर तिच्याच पायावर बनलेली होंडाची अ‍ॅक्युरा लेजंड वरच्या रांगेत. तिथं मात्र पूर्वग्रहाचं कारण देता येत नाही. पण १९८१ची ट्रायम्फ अ‍ॅक्लेमही लक्षात ठेवावी लागते. होंडाची आखणी, काउलीचे कामगार, म्हणजे ज्यांच्यावर मरीनाचं खापर फुटलं तेच हात. या गाडीच्या वॉरंटीच्या तक्रारी कंपनीच्या इतर गाड्यांच्या मानानं अगदी कमी होत्या. आखणी आणि शिस्त नीट असेल तर काउलीतून चांगली गाडी बाहेर पडत होती.

इंजिनाच्या दुहेरी न्यायाचा प्रयोग पुढच्या पिढीतही झाला. १९८९ला आलेलं रोव्हरचं के सिरीज इंजिन हलकं आणि हुशार, पण १.८ लिटरच्या आवृत्तीत हेड गॅस्केट उडण्याची खोड. हेच इंजिन १९९६पासून लोटस एलिसमध्ये होतं. एलिसवाले म्हणतात, गॅस्केट बदला, थर्मोस्टॅट हलवा, झालं. रोव्हरवाल्यांच्या बाबतीत तेच गॅस्केट कंपनीच्या मरणाचं कारण म्हणून सांगितलं जातं.

या गोष्टीत पुण्याचाही एक छोटा अंक आहे. २००३मध्ये ब्रिटिश लेलँडचीच वारस असलेल्या एमजी रोव्हरकडे नवी छोटी गाडी काढायला पैसा नव्हता, म्हणून पिंपरी-चिंचवडला तयार होणारी टाटा इंडिका 'सिटीरोव्हर' या नावानं ब्रिटनमध्ये विकायला घेतली. किंमत ६,४९५ पौंडांपासून, आणि समीक्षकांना ती फारच जास्त वाटली. 'टॉप गिअर' या गाड्यांवरच्या टीव्ही कार्यक्रमाला चाचणीसाठी गाडी द्यायलाही कंपनी तयार नव्हती, मग त्याचा सूत्रधार जेम्स मे यानं लपून चित्रीकरण करून तिचे वाभाडे काढले. इंडिका तेव्हा आपल्याकडं टॅक्सीवाल्यांपासून संसारी माणसांपर्यंत सगळ्यांची गाडी होत चालली होती. तिकडं ती बुडत्या घराण्याची शेवटची नामुष्की ठरली. २००५च्या एप्रिलमध्ये एमजी रोव्हर बुडाली. तीन वर्षांनी टाटांनीच जॅग्वार आणि लँड रोव्हर घेतल्या, हा इतिहासाचा खट्याळपणा.

'टॉप गिअर'नंच मरीनाची शेवटची विटंबना केली. वर्षानुवर्षं त्यांचा एक ठरलेला विनोद होता: मरीना दिसली की आकाशातून तिच्यावर पियानो पडायचा. मरीनाच्या मालकांनी तक्रारी केल्या, कारण आठ लाखांतल्या काही शेच गाड्या उरल्या असताना हसण्यासाठी त्या चेपल्या जात होत्या. त्याच मरीनाच्या दाराच्या कड्या लोटस एस्प्रीवर बसवलेल्या होत्या. म्हणजे १९७७च्या 'द स्पाय हू लव्ह्ड मी'मध्ये पाण्याखाली जाणाऱ्या जेम्स बाँडच्या गाडीचं दार उघडायला मरीनाचीच कडी लागत होती.

गेल्या काही वर्षांत वारा थोडा फिरला आहे. २०१४पासून इंग्लंडमध्ये 'फेस्टिव्हल ऑफ द अनएक्सेप्शनल' भरतो. अलीकडे लिंकनशरमधल्या ग्रिम्सथॉर्प किल्ल्याच्या हिरवळीवर अ‍ॅलेग्रो, मरीना, मॅक्सी, मॅस्ट्रो अशा सामान्य गाड्या ऐटीत उभ्या राहतात आणि त्यांतून बक्षिसं निवडली जातात. बऱ्याच गाड्या एकेका निवृत्त जोडप्यानं आयुष्यभर जपलेल्या. रविवारी चर्च, बुधवारी बाजार, बाकी दिवस गॅरेज. पण प्रेम उशिरा आलं. मधल्या काळात हिशेब साधा होता: गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे बघणाऱ्या दर वर्षीच्या एमओटी तपासणीत खालचा पत्रा गंजलेला निघाला की वेल्डिंगचा खर्च मरीनाच्या किमतीपेक्षा जास्त व्हायचा, आणि गाडी भंगारात जायची. एमजीबीला तेवढाच गंज लागलेला असे, पण तिचं वेल्डिंग परवडायचं. एमजीबीसाठी १९८८पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज नवाकोरा संपूर्ण सांगाडा बनवते, खिडकीच्या रबरापासून बंपरपर्यंत सगळं नवं मिळतं, म्हणून आज एमजीबी खरोखरच भरवशाची आहे. मरीनाचा नवा सांगाडा कोणी बनवत नाही. तिचं १.३ लिटरचं इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचे डिस्क ब्रेक तेवढे अजून धावताना सापडतात, लाडक्या मॉरिस मायनरच्या अंगात बसवलेले.