आग्रा रोडवरच्या दोन गाड्या

मुंबईचा जुना आग्रा रोड कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, ठाणे करत कशेळीच्या पुलावरून भिवंडीत येतो. याच रस्त्यावर कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. इटलीच्या फियाट 1100 चा भारतीय अवतार तिथेच घडला आणि सत्तरच्या दशकात त्याचं ‘प्रीमियर पद्मिनी’ असं नामकरण झालं. लोकांच्या तोंडी मात्र ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली.

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. गियरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिघं बसत. बॉनेट उघडलं की पॉइंट, कॉइल, कार्बोरेटर, पेट्रोलपंप सगळं हाताशी. उन्हाळ्यात चढावर गाडी बंद पडली की पेट्रोलपंपावर ओलं फडकं टाकायचं आणि थोडं थांबायचं. पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो, हे कारण चालकालाही ठाऊक असे. माग बिघडला की तो स्वतः उघडून बसणाऱ्या भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावात असं यंत्र परकं वाटणं शक्यच नव्हतं.

14 डिसेंबर 1983 रोजी दिल्लीत पहिल्या मारुती 800 ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. किंमत 50 हजारांच्या आसपास. इंजिन 796 सीसी, सिलिंडर तीनच आणि ताकद पुढच्या चाकांना. इंजिन आडवं बसवल्यामुळे एवढ्याशा गाडीतही चौघांना पुरेशी जागा झाली. पद्मिनीपेक्षा ती दोनशेहून अधिक किलोंनी हलकी होती, पेट्रोल कमी पीत होती आणि सकाळी किल्ली फिरवताच सुरू होत होती. गाडी ठेवायची तर पदरी ड्रायव्हर आणि ओळखीचा मिस्त्री हवाच, ही समजूत मारुतीने मोडली. मला हे तिचं सर्वांत मोठं काम वाटतं. नोकरदार बाई स्वतः गाडी काढून कामावर जाऊ लागली, त्यात या छोट्या गाडीचा वाटा मोठा आहे.

पण भिवंडीच्या रस्त्याचा हिशेब वेगळा. गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरांनी अंजूरफाटा, मानकोलीकडचे रस्ते पावसाळ्यात पार उखडतात. तिथे पद्मिनीची 14 इंची चाकं आणि मागचे पाटे खड्डा निभावून नेतात. मारुतीची 12 इंची चाकं त्यात आपटतात. पाच माणसं आणि डिकीभर सामान न्यायचं तर मी आजही पद्मिनीच निवडेन. एकट्याने बाजारपेठेतल्या गल्लीत शिरायचं तर मारुती.

पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीला थांबलं, मारुती 800 चं 2014 मध्ये. मुंबईतली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. तिथे आड आली ती टॅक्सीसाठीची 20 वर्षांची मर्यादा. खासगी गाडीला तशी सक्ती नाही. 15 वर्षांनंतर तपासणी करून आरसीचं नूतनीकरण होतं आणि पुढे दर 5 वर्षांनी. 50 वर्षं पूर्ण केलेली, मूळ रूपात राखलेली गाडी 2021 च्या नियमांनुसार ‘विंटेज’ म्हणूनही नोंदवता येते. मग मात्र ती रोज वापरता येत नाही. तुमच्या दारात यांपैकी एखादी ताडपत्रीखाली उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिचं आरसी बुक शोधा आणि ठाण्याच्या आरटीओत एकदा चौकशी करा.