बदलते पाणी आणि जनावरांचा यकृतकृमी

पाऊस कमी झाला की जंतांचा उपद्रवही कमी होतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. गुराढोरांच्या यकृतात वाढणाऱ्या चपट्या कृमीच्या बाबतीत तो खरा ठरत नाही. हिंगोली जिल्ह्यात पूर्णेवरील सिद्धेश्वर व पैनगंगेवरील इसापूर हे मोठे जलाशय, त्यांचे कालवे, कयाधूचे डोह आणि लहानमोठे पाझर तलाव यांवर जनावरांची तहान भागते. तेथे तर या कृमीचे पाण्याशी असलेले नाते समजून घेणे अगत्याचे आहे.

हा कृमी पानाच्या आकाराचा असून त्याची लांबी अडीच ते साडेसात सेंटिमीटरपर्यंत असते. त्याची अंडी शेणावाटे बाहेर पडतात. परंतु शेणाच्या पोवात ती तशीच पडून राहतात. पाण्याने शेण विरघळले म्हणजेच त्यांची वाढ सुरू होते. उबदार पाण्यात दोन-तीन आठवड्यांत अंड्यातून सूक्ष्म डिंभ बाहेर येतो. त्याला सुमारे एका दिवसाच्या आत विशिष्ट जातीची पाणगोगलगाय गाठावी लागते. न गाठल्यास तो मरतो. गोगलगायीच्या शरीरात मात्र एका डिंभापासून शेकडो डिंभ तयार होतात आणि बाहेर पडून काठच्या गवतावर कवच धारण करून बसतात. ते गवत जनावराच्या पोटात गेले की चक्र पूर्ण होते.

हवामानबदलाचा संबंध येथे येतो. कोरड्या उन्हात हे कवचधारी डिंभ लवकर मरतात. म्हणून उघड्या माळरानावर दुष्काळ कृमीला मारकच ठरतो. पण गोगलगाय संथ व बारमाही पाण्यात राहणारी आहे. पाणी जसजसे आटते, तसतशा गोगलगायी उरलेल्या पाण्यात एकवटतात. आणि हिरवे गवत उरते तेही नेमके त्याच काठावर! गावची सारी जनावरे तेथेच पाणी पितात, तेथेच चरतात, तेथेच शेण टाकतात. दुष्काळ म्हणजे या कृमीच्या दृष्टीने आयती भेटच होय. याउलट सप्टेंबर २०२४ च्या प्रारंभी जिल्ह्यात झाली तशी अतिवृष्टी झाल्यास अंडी व गोगलगायी वाहून नव्या डबक्यांत, खाचरांत पोहोचू शकतात. हिवाळे उबदार होत गेल्यास अंड्यांची थंडीत मंदावणारी वाढ चालूच राहील, हेही ध्यानात घ्यावे लागेल.

औषध देण्याची वेळ

वैशाखात काठावर चरलेल्या जनावराच्या शेणात अंडी दिसू लागण्यास तीन-चार महिने लागतात. तोवर शेणतपासणी निर्दोष येते आणि कोवळे कृमी यकृत पोखरत असतात. खरिपाच्या मशागतीत बैल थकतो, दूध घटते, पुढे जबड्याखाली सूज येते. आणि दोष चाऱ्याच्या टंचाईला दिला जातो. कोवळ्या कृमीवर सर्वच औषधे परिणाम करीत नाहीत. म्हणून मृगापूर्वी एकदा औषध पाजून निश्चिंत होणे योग्य नव्हे. कोणते औषध केव्हा द्यावयाचे, हे पशुवैद्यकास विचारूनच ठरवावे.

औषध घेतलेले जनावर पुन्हा त्याच काठावर गेले, तर खर्च व्यर्थ जातो. नारूचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यावर ना लस होती, ना औषध. तरीही पायविहिरींत उतरण्यास प्रतिबंध, पाणी गाळून पिणे व हातपंप यांमुळे माणसाचा आणि दूषित पाण्याचा संबंध तुटला. १९९६ च्या जुलैमध्ये देशातील अखेरचा रुग्ण आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. यकृतकृमी माणसापुरता मर्यादित नसल्याने त्याचे उच्चाटन इतके सोपे नाही. मात्र संबंध तोडण्याचे तत्त्व तेच आहे.

ग्रामपंचायतीला त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. तलावापासून दूर, कोरड्या जागेवर जनावरांसाठी हौद बांधून त्याची सांड मुरुमावर सोडावी, चिखल होऊ देऊ नये. कालव्याचा पाझर जेथे साचतो ती जागा पाटबंधारे शाखेच्या निदर्शनास आणावी. काठचे गवत कापून आणल्यास ते कडक उन्हात पूर्ण वाळवूनच घालावे आणि शेण काठावर न ठेवता खतखड्ड्यात टाकावे. तेथील उष्णतेने अंडी नष्ट होतात. हौदाचे काम मात्र उन्हाळा लागण्यापूर्वी पुरे व्हावयास हवे, कारण एकदा तलाव आटू लागला की जनावरे काठाकडेच वळतात.