आरासीतला देवमासा

भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या म्हटलं की मराठवाड्यातल्या घराघरांत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली उतरतात. ज्येष्ठा-कनिष्ठा मखरात उभ्या राहतात, पुढ्यात त्यांची बाळं, वर फुलोरा, ताटात सोळा भाज्या. या सगळ्याच्या पुढे पायऱ्या करून मांडलेली असते ती आरास. मातीचे बैल, लाकडी बैलगाडी, पहिलवानांची जोडी, बँडवाले, भातुकली. कुठे आरशाचं तळं असतं आणि त्यावर बदकं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या तळ्यात प्लास्टिकचे प्राणीही उतरले. वाघ-सिंह काठावर, बदकांच्या मधोमध एखादा निळाशार डॉल्फिन, आणि मुलाला वाढदिवसाला मिळालेला देवमासा असलाच तर तोही. हळदी-कुंकवाला आलेल्या बायका त्याच्याकडे बघून हसतात. तो तिथे कसा आला, हे मात्र कोणी विचारत नाही.

पुण्या-साताऱ्याकडे खेळण्यांच्या मांडणीची हौस दिवाळीच्या किल्ल्यावर भागते, आमच्याकडे महालक्ष्म्यांपुढे. बीड जिल्ह्यात खेळणी जमवण्याची आणि मांडण्याची परंपरा शोधायची असेल तर ती या पायऱ्यांवर सापडते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला, दरवर्षी थोडा वाढणारा, तीन दिवस सगळ्या गावाला खुला असणारा हा घरगुती संग्रह आहे. त्याला कोणी संग्रह म्हणत नाही, एवढंच.

बीड शहरापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटर दूर. जिल्ह्यातलं मोठं पाणी म्हणजे माजलगावचं धरण, आणि पाण्याचा अभिमान म्हणजे खजाना विहीर. आष्टी-पाटोद्याकडच्या मुलाने टँकर जितक्या वेळा पाहिला असेल तितक्या वेळा वाहती नदी पाहिली नसेल. देवमासा या मुलाला भेटतो तो तीन वाटांनी: पाठ्यपुस्तकातलं चित्र, मोबाईलवरचा व्हिडिओ आणि हातात धरता येणारं खेळणं. पहिल्या दोन वाटा सपाट आहेत. प्राण्याला पाठ असते, पोट असतं, तो उलटा करून बघता येतो, हे फक्त तिसरी वाट सांगते.

म्हणूनच मला हा विषय किरकोळ वाटत नाही. समुद्रकाठच्या तारकर्लीच्या मुलाकडे चुकीचा डॉल्फिन असला तर बिघडत नाही. होडीतून बाहेर पडलं की खरा दिसतो, चूक आपोआप दुरुस्त होते. आष्टीच्या मुलाची चूक दुरुस्त करायला समुद्र येणार नाही. त्याच्यासाठी ते खेळणं हाच देवमासा.

दुर्मीळ वा महाकाय प्राणी छोटा करून जवळ ठेवण्याची ओढ आपल्या भागात जुनी आहे. बीडच्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला चार कांस्यवस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. ती खेळणी होती की पूजेच्या मिरवणुकीतल्या वस्तू, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण प्राण्यांखाली चाकं आहेत, म्हणजे ते ओढण्यासाठी केलेले होते हे उघड आहे. दुसऱ्या बाजूच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती ढिगाने मिळाल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जमवल्या आणि त्यांच्या नावाचं संग्रहालय आज तेरमध्ये उभं आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, खेळणी असं जे जे मिळेल ते गोळा केलं, लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय केलं आणि पुढे ते सरकारच्या हवाली केलं. या मंडळींना कोणी खुळं म्हटलं असेल तर नवल नाही. खेळणी जमवणाऱ्या मोठ्या माणसाला सगळीकडे तेच ऐकावं लागतं.

देवमाशाची प्रतिकृती करणं मात्र बैल-हत्तीइतकं सोपं नव्हतं, कारण करणाऱ्याने तो धड पाहिलेलाच नसे. बैल दारात उभा असतो. देवमासा एक तर पाण्याखाली, नाहीतर किनाऱ्यावर फुगून पडलेला. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात १९३८ मध्ये निळ्या देवमाशाची ९२ फुटी प्रतिकृती पुरी झाली, लाकडी सांगाड्यावर प्लास्टर चढवून. ती बंद करण्याआधी कामगारांनी पोटात टेलिफोन डिरेक्टरी आणि काही नाणी ठेवली असं सांगतात. त्याच काळात अंटार्क्टिकच्या समुद्रात या प्राण्याची कत्तल जोरात चालू होती. १९३०-३१ च्या एका हंगामात २९ हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले.

न्यूयॉर्कच्या अशाच संग्रहालयात १९६९ साली टांगलेला फायबरग्लासचा देवमासा ९४ फुटी. त्याच्या घडणीला आधार होता तो दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी १९२५ मध्ये मृतावस्थेत मिळालेल्या एका मादीच्या छायाचित्रांचा. मेलेल्या प्राण्यावरून जिवंत प्राणी घडवला की जे व्हायचं तेच झालं. डोळे बटबटीत आले, शेपटीची घडण चुकली आणि बेंबी राहूनच गेली. तीसेक वर्षं लाखो मुलं त्याच्याखालून मान वर करून गेली. २००३ च्या दुरुस्तीत डोळे बसके केले, शेपूट निमुळती केली, नाकपुड्या सुधारल्या आणि पोटावर बेंबीही कोरली. जगातल्या अव्वल संग्रहालयालाही आपला देवमासा खरवडून पुन्हा करावा लागला. जत्रेतल्या खेळण्याकडून मग किती अपेक्षा ठेवायची?

थोडी तरी ठेवावी. जर्मनीची श्लाइश ही खेळणी करणारी कंपनी १९३५ पासूनची, अमेरिकेची सफारी १९८२ पासूनची. फ्रान्सची पापो आहे, कलेक्टा आहे. रबरासारख्या मऊ पीव्हीसीचे हाताने रंगवलेले प्राणी ही यांची खासियत. जपानमध्ये काइयोदो या कंपनीने घडवलेले बोटभर प्राणी तर १९९९ मध्ये चॉकलेटच्या अंड्यात घालून विकले गेले आणि चॉकलेटपेक्षा त्या प्राण्यांसाठी मोठी माणसं रांगा लावू लागली. परदेशातले हौशी संग्राहक या मूर्तींची चिरफाड करतात ती मूर्तीच्या सुबकपणावरून कमी आणि शरीररचनेवरून जास्त. ही सवय आपण उचलण्याजोगी आहे.

दुकानात देवमासा हातात घेतला की आधी शेपूट बघा. माशाची शेपूट उभी असते, देवमाशाची आणि डॉल्फिनची आडवी. ते सस्तन प्राणी, पोहताना शेपूट वर-खाली मारतात. स्वस्तातल्या खेळण्यात ही शेपूट सर्रास उभी असते. मग तोंड बघा. निळ्या देवमाशाला दात नसतात. वरच्या जबड्यातून लोंबणाऱ्या झालरीतून पाणी गाळून तो झिंग्यासारखे बारके जीव खातो. तरीही खेळण्यात त्याला सुसरीसारखे दात बसवलेले असतात. झालरवाल्यांना डोक्यावर दोन नाकपुड्या, दातवाल्यांना एकच. निळ्या देवमाशाच्या गळ्याखाली लांबच लांब चुण्या हव्यात, पाठीवरचा पर अगदी लहान आणि पार शेपटीकडे हवा. एवढं तपासलं तरी निम्मा माल बाद होतो.

डॉल्फिनची तऱ्हा निराळी. जगभरच्या खेळण्यांत एकच डॉल्फिन हसत असतो, तो बाटलीच्या तोंडासारखा जबडा असलेला. १९६३ च्या ‘फ्लिपर’ या चित्रपटाने आणि पुढच्या वर्षीच्या मालिकेने तो घरोघरी पोचवला. आपल्या कोकण किनाऱ्यावर काठाजवळ दिसतो तो कुबडवाला डॉल्फिन. त्याच्या पाठीवर उंचवटा, त्या उंचवट्यावर पर. मालवणकडचे मच्छीमार त्याला गादा म्हणतात. त्याच पाण्यात पाठीवर परच नसलेला लहानखुरा पॉरपॉईजही आहे. आणि आपला राष्ट्रीय जलचर, गंगेतला डॉल्फिन, तर ओळखूही येणार नाही असा: लांब चिमट्यासारखं तोंड, नावापुरते डोळे, पर जवळपास नाहीच. त्याला हा मान २००९ मध्ये ठरला. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या मोजणीत देशात नदीतले ६,३२७ डॉल्फिन आढळले, त्यातले ३ सिंधूचे, बाकी सारे गंगेच्या जातीचे. खेळण्यांच्या दुकानात तो मागून पाहा. दुकानदार पुन्हा तोच हसरा निळा डॉल्फिन पुढे करतो.

म्हणून माझं मत असं की मराठी घरातल्या किंवा शाळेतल्या फळीवर पहिली जागा आपल्या पाण्यातल्या प्राण्यांना द्यावी. आणि हे पाणी गरीब नाही. २०१५ च्या उन्हाळ्यात कुणकेश्वरजवळच्या समुद्रात निळे देवमासे पिल्लांसह दिसल्याची बातमी आली होती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये रेवदंड्याला एक किनाऱ्यावर येऊन मेला. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या वाळूत ब्राइड जातीचा देवमासा येऊन पडला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऐन दिवाळीत गणपतीपुळ्याला अडकलेल्या पिल्लाला पाण्यात ढकलण्याची धडपड सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिली. अरबी समुद्रातला कुबड्या देवमासा तर जगावेगळा. त्याचे भाईबंद ध्रुवाकडे जातात-येतात, हा इथेच राहतो, हजारो वर्षं वेगळा पडलेला. १९६६ च्या सुमारास सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात बेकायदा २४२ कुबडे मारले, आणि ओमानच्या किनाऱ्यावर पुढे झालेल्या मोजणीचा अंदाज शंभराच्याही खाली आला. बीडच्या वाचकाला हा सगळा पसारा ठाऊक नसतो. आमच्याकडे देवमासा पेपरात येतो तो ‘उलटी’ची तस्करी पकडली गेली की. स्पर्म देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा हा पदार्थ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे बाळगणंही गुन्हा आहे, आणि तो ओकारीच असतो असंही नाही.

आता प्रमाणाचा प्रश्न, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दुकानातला देवमासा वीतभर, डॉल्फिनही वीतभर, शार्कही तेवढाच. आरासीत शेजारी ठेवले की मुलाच्या मनात तिघे एका मापाचे होतात. निळा देवमासा २५ ते ३० मीटरचा. तो २७ सेंटिमीटरचा केला तर प्रमाण शंभरास एक, हिशेबाला सोपं. मग त्याच्या शेजारी स्पर्म देवमाशाचा नर १६ सेंटिमीटरचा हवा, ऑर्का ८ चा, कोकणातला डॉल्फिन जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, बिनपराचा पॉरपॉईज दीड. एसटीची लाल गाडी साधारण ११ सेंटिमीटर, हत्ती ३ सेंटिमीटर उंच आणि आपण स्वतः पावणेदोन. अशा मापाचे डॉल्फिन विकत मिळणं अवघड, पण ते शाडूचे किंवा पुठ्ठ्याचे करायला काय अडचण आहे? पोळ्याचे बैल ज्या हातांनी होतात त्या हातांना अडीच सेंटिमीटरचा डॉल्फिन काहीच नाही. महागाच्या दहा मूर्ती एका रांगेत लावण्यापेक्षा एक बरा देवमासा आणि त्याच्या मापाची मातीची एसटी, ही मांडणी मी केव्हाही सरस मानेन.

खर्चाचं बोलायचं तर विदेशी मूर्ती स्वस्त नाहीत, आणि आणखी महागल्या. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. ही सक्ती योग्यच. लहान मूल खेळणं आधी तोंडात घालतं.

घेतलेली मूर्ती टिकवणं हे बीडच्या उन्हात वेगळं काम आहे. मऊ पीव्हीसीत मिसळलेलं तेलकट रसायन उष्णतेने बाहेर झिरपतं, मूर्ती चिकट होते, धूळ धरते, पंख वाकतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो, तेव्हा आरासीची पेटी तिथे ठेवू नये. खालच्या खोलीत, भिंतीशी ठेवावी. वाकलेला पर गरम पाण्यात धरून सरळ करायचा आणि लगेच गार पाण्यात बुडवायचा, हा संग्राहकांचा जुना उपाय आहे. आणखी एक, मऊ प्लास्टिकचा प्राणी थर्माकोलवर महिनोन्‌महिने ठेवला तर ते रसायन थर्माकोल खातं आणि प्राणी तिथेच चिकटून बसतो. सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहेच. घरात जुना पडून असेल तो या कारणासाठी तरी काढून टाकावा.

सहलीला गणपतीपुळ्याला जाणारी बीडची कुटुंबं देवदर्शन करून, समुद्रात भिजून परततात. त्यांनी वाटेत रत्नागिरीच्या मत्स्यालयात जरूर जावं. तिथे देवमाशाचा सुमारे ५५ फुटी सांगाडा मांडलेला आहे. घरातल्या मूर्तीशी ताडून बघण्याजोगं याहून चांगलं ठिकाण आपल्या माणसाला सहज गाठता येणार नाही.

आणि ज्यांना एवढंही जमणार नाही त्या जिल्हा परिषदेच्या शाळांना एक विनंती. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. अशी दोन मैदानं लांबीला लांबी लावून आखली की २६ मीटर होतात, म्हणजे पुरता वाढलेला एक निळा देवमासा. २६ जानेवारीच्या कवायतीसाठी शाळेत फक्की आणलेली असतेच. गुरुजींनी त्यातली दोन घमेली राखून ठेवावीत, मुलांकडून तो देवमासा पटांगणावर आखून घ्यावा, शेपूट आडवी काढावी, आणि पोटावर बेंबीची जागा विसरू नये.