शिगेरू बान : कागदाच्या खांबांचा भरवसा

17 जानेवारी 1995 च्या पहाटे जपानमधल्या कोबे शहराला भूकंपाचा तडाखा बसला. सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. नागाता भागात पडझडीपाठोपाठ आगी लागल्या आणि दाटीवाटीने उभी असलेली लाकडी घरे जळून खाक झाली. त्यात ताकातोरी कॅथलिक चर्चही गेले. व्हिएतनाममधून आलेले अनेक निर्वासित या चर्चच्या आधाराने राहत होते. काही दिवसांनी टोकियोहून एक सदतीस वर्षांचा वास्तुविशारद तिथे आला आणि त्याने धर्मगुरूंपुढे प्रस्ताव ठेवला : चर्च पुन्हा बांधून देतो, पण कागदाचे.

नुकत्याच आगीत होरपळलेल्या वस्तीत कागदाची इमारत! धर्मगुरूंनी नकार दिला, यात नवल नाही. वास्तुविशारद मात्र येत राहिला. येता-जाता त्याच्या लक्षात आले की चर्चपेक्षा निकडीचा प्रश्न जवळच्या बागेत उघड्यावर पडला आहे. व्हिएतनामी कुटुंबे प्लास्टिकच्या तंबूंत दिवस काढत होती. सरकारी तात्पुरती घरे दूर होती. तिकडे गेले तर जवळच्या कारखान्यांतली कामे सुटणार, म्हणून ती हलायला तयार नव्हती. त्या वास्तुविशारदाने आधी त्यांची घरे बांधली, मग चर्च. त्याचे नाव शिगेरू बान. एकोणीस वर्षांनी, 2014 मध्ये, वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रिट्झकर पुरस्कार त्याला मिळाला.

बानविषयी लिहिताना सहसा त्याच्या कामाचे दोन कप्पे केले जातात. एका बाजूला संग्रहालये, कार्यालये आणि श्रीमंतांची घरे. दुसऱ्या बाजूला आपद्ग्रस्तांसाठी केलेली ‘समाजसेवा’. ही विभागणी मला मान्य नाही. त्याच्या इमारती क्रमाने पाहत गेले की दोन्हीकडे एकच शोध चालू असल्याचे दिसते : दुबळे म्हणून बाजूला टाकलेले साहित्य नीट समजून घेतले तर ते किती भार पेलू शकते?

उरलेल्या नळ्या

बानचा जन्म 1957 चा, टोकियोतला. वडील टोयोटा कंपनीत, आई कपड्यांची डिझायनर. राहत्या लाकडी घरात वरचेवर डागडुजी आणि वाढीव बांधकाम चाले. त्या निमित्ताने येणाऱ्या सुतारांचे काम तो तासन्‌तास पाही, उरलेले तुकडे गोळा करी. मोठेपणी सुतारच व्हायचे, असे त्याच्या मनात होते. पुढे तो अमेरिकेला गेला. आधी लॉस एंजेलिसमध्ये आणि नंतर न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या महाविद्यालयात वास्तुविशारद जॉन हेजडक यांच्या हाताखाली वास्तुकला शिकला. मधल्या काळात जपानी वास्तुविशारद अराता इसोझाकी यांच्या कार्यालयात उमेदवारी केली आणि 1985 मध्ये टोकियोत स्वतःचे काम सुरू केले.

पुढच्याच वर्षी टोकियोच्या एका कलादालनात फिनलंडचे वास्तुविशारद आल्वार आल्टो यांच्या कामाचे प्रदर्शन होते. मांडणीची जबाबदारी बानकडे आली. आल्टो म्हणजे लाकूड; पण चार दिवसांच्या प्रदर्शनासाठी महागडे लाकूड वापरून ते फेकून देणे बानला पटेना. कार्यालयात ट्रेसिंग पेपर आणि फॅक्सच्या कागदाच्या गुंडाळ्या संपल्यावर मागे पुठ्ठ्याच्या भक्कम नळ्या उरत. त्या टाकवत नाहीत म्हणून त्याने साठवल्या होत्या. तशाच नळ्या कारखान्यातून मागवून त्याने छत आणि भिंती सजवल्या. काम करताना कळले की ही वस्तू वाटते त्याहून कितीतरी मजबूत आहे.

नळी बनते ती अशी : जुन्या कागदापासून तयार केलेल्या पट्ट्या गोंद लावून दांड्याभोवती तिरक्या गुंडाळतात. थर वाढवाल तशी जाडी वाढते आणि लांबी हवी तेवढी ठेवता येते. कापडाचे तागे गुंडाळायला अशाच नळ्या लागतात, त्यामुळे कापडगिरण्या आहेत तिथे त्या हमखास मिळतात. उभ्या नळीवर वरून येणारा दाब ती चांगला सोसते. ओल हा तिचा खरा शत्रू, म्हणून तिला जलरोधक लेप द्यावा लागतो. दाट कागद चटकन पेटत नाही. आधी वरचा थर काळवंडतो.

हे सगळे प्रयोगशाळेत सिद्ध करावे लागले. गेंगो मात्सुई या ज्येष्ठ संरचना अभियंत्याने तरुण बानला साथ दिली. दाब, वाक आणि ओल यांच्या चाचण्या झाल्या. 1993 मध्ये जपानच्या बांधकाम नियमांत कागदी नळीला भार पेलणारे साहित्य म्हणून मान्यता मिळाली. मग बानने यामानाका तलावाकाठी स्वतःसाठी ‘पेपर हाऊस’ बांधले. चौरस छपराखाली इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणात 110 नळ्या उभ्या केल्या. कायमस्वरूपी इमारतीचा भार कागदावर पेलायला अधिकृत परवानगी मिळाल्याचे हे पहिले उदाहरण.

एक घर, जवळून

कोबेमधले ‘पेपर लॉग हाऊस’ जमिनीपासून वर पाहू. पाया बिअरच्या बाटल्यांच्या प्लास्टिक क्रेटचा. क्रेट रांगेने मांडून त्यांत वाळूच्या पिशव्या भरल्या, म्हणजे घर वाऱ्याने हलणार नाही. त्यावर फळ्यांची जमीन. भिंती म्हणजे शेजारी शेजारी उभ्या केलेल्या नळ्या, प्रत्येक सुमारे अकरा सेंटिमीटर व्यासाची आणि अवघ्या चार मिलिमीटर जाडीची. दोन नळ्यांच्या फटीत चिकटणारी स्पंजाची पट्टी, म्हणजे वारा आणि पाऊस आत येणार नाही. वर तंबूचे कापड. ते दुपदरी असल्यामुळे उन्हाळ्यात मधली हवा खेळती ठेवता येते आणि थंडीत बंद करता येते. सगळे मिळून 16 चौरस मीटर. एका घराच्या साहित्याचा खर्च दोन हजार डॉलरच्या आत. बांधणारे विद्यार्थी आणि स्वयंसेवक. एकही यंत्र नाही.

चर्चही याच रीतीने झाले. पाच मीटर उंचीच्या 58 नळ्या लंबवर्तुळात उभ्या केल्या, भोवती पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या पत्र्यांची चौकट. 160 स्वयंसेवकांनी ते पाच आठवड्यांत उभारले. इमारत तात्पुरती ठरली होती, पण लोकांना तिचा लळा लागला. ती दहा वर्षे वापरात राहिली. 2005 मध्ये ती सुटी करून तैवानला पाठवली गेली आणि 1999 च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या ताओमी गावात पुन्हा उभी राहिली. इमारत कायमची की तात्पुरती हे साहित्यावर ठरत नाही, लोकांनी तिला आपली मानले की नाही यावर ठरते, असे बान पुनःपुन्हा सांगत आला आहे. नफ्यासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या इमारती टोकियोत वीस-तीस वर्षांत पाडल्या जातात. हे कागदी चर्च समुद्र ओलांडून टिकले.

रवांडा ते भुज

कोबेच्या आधीच बान दुसऱ्या एका संकटात उतरला होता. 1994 मध्ये रवांडातल्या नरसंहारानंतर लाखो लोक निर्वासित झाले. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था त्यांना चार मीटर बाय सहा मीटरची प्लास्टिकची ताडपत्री देई. टेकू म्हणून लोक आसपासची झाडे तोडत. जंगल उघडे पडू लागले, म्हणून अॅल्युमिनियमचे खांब दिले गेले, तर गरजू लोकांनी ते विकून पैसे केले आणि पुन्हा झाडांकडे वळले. बानने जिनिव्हा गाठले आणि कागदी नळ्या सुचवल्या. त्या विकून फारसे काही मिळणार नाही, हाच त्यांचा गुण. संस्थेने त्याला सल्लागार नेमले आणि 1999 मध्ये रवांडात 50 निवारे प्रयोग म्हणून उभे राहिले.

26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर तो कच्छमध्ये आला. अहमदाबादच्या वास्तुविशारदांना सोबत घेऊन त्याने भुजमध्ये सुमारे वीस घरे बांधली. कोबेचा आराखडा तसाच्या तसा उचलता येणार नव्हता. गुजरातेत दारूबंदी, तिथे बिअरचे क्रेट कुठून मिळणार? म्हणून पडलेल्या घरांचाच राडारोडा पायात भरला आणि वर मातीची सारवलेली जमीन केली. छपरासाठी चिरलेल्या बांबूच्या कमानी, त्यावर वेताची चटई, मग ताडपत्री, पुन्हा चटई. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भागात चटईच्या भोकांतून हवा खेळे. घरात चूल पेटवता येई, धूर बाहेर जाई, शिवाय त्या धुराने डास पळत. मला बानची खरी ताकद भुजच्या या बदलांत दिसते. टोकियोहून आलेला माणूस कच्छची चूल लक्षात घेऊन छप्पर बदलतो.

तरीही हिशेब सरळ मांडायला हवा. रवांडात 50 निवारे, कोबेत तीसच्या आसपास घरे, भुजमध्ये वीस. लाखो बेघरांपुढे हे आकडे फार लहान आहेत. बानच्या या घरांना नमुन्याचे मोल आहे. पुनर्वसनाचा भार त्यांनी पेलला, असे म्हणता येणार नाही. नमुन्यातून यंत्रणा घडवायला त्याला आणखी दहा वर्षे लागली.

मोठ्या इमारती

या काळात त्याचे दुसरे कामही वाढत होते. 1995 च्या ‘कर्टन वॉल हाऊस’मध्ये त्याने टोकियोतल्या एका घराच्या दर्शनी बाजूला दोन मजले उंच पांढरा पडदा लावला. पडदा सरकवला की घर रस्त्याला खुले. हॅनोव्हरच्या 2000 सालच्या जागतिक प्रदर्शनातले जपानी दालन त्याने फ्राय ओटो या थोर जर्मन वास्तुविशारदाच्या सल्ल्याने उभे केले : कागदी नळ्यांची जाळी, सत्तर मीटरहून अधिक लांब, लाटेसारखी वळलेली. प्रदर्शन संपल्यावर कचरा उरू नये, हा हेतू. जर्मन अधिकाऱ्यांचा मात्र कागदावर विश्वास बसेना. त्यांच्या आग्रहाखातर लाकडी कमानी जोडाव्या लागल्या, कागदी आच्छादनाला पारदर्शक प्लास्टिकचा थर द्यावा लागला. कल्पना शुद्ध राहिली नाही, पण इमारत उभी राहिली आणि नंतर तिच्या नळ्या पुन्हा कागद होण्यासाठी गेल्या.

फ्रान्समधल्या मेट्झ शहरातले पाँपिदू कलाकेंद्र 2010 मध्ये खुले झाले. त्याच्या छपराची कल्पना बानला पॅरिसमध्ये घेतलेल्या एका विणलेल्या चिनी टोपीवरून सुचली. चिकटवलेल्या लाकडाच्या सुमारे 18 किलोमीटर लांबीच्या तुळया षटकोनी विणीत गुंफल्या आहेत आणि वर पांढरे आच्छादन आहे. शिखर 77 मीटर उंच, कारण पॅरिसचे मूळ केंद्र 1977 मध्ये सुरू झाले. खाली कलादालने एकावर एक आडवी ठेवली आहेत आणि त्यांच्या टोकांच्या खिडक्यांतून शहराचे कॅथेड्रल दिसते. झुरिचमध्ये 2013 साली पूर्ण झालेली टामेडिया माध्यमसमूहाची सात मजली इमारत तर लाकडाच्या सांगाड्यावर उभी आहे आणि त्या सांगाड्याच्या सांध्यांत लोखंड नाही. लहानपणी सुतारांचे सांधे न्याहाळणारा मुलगा इथे पुन्हा भेटतो. संकटातल्या कामाने त्याला हलके, सुटे, हाताने जोडता येणारे बांधकाम शिकवले. मेट्झ आणि झुरिचला तीच शिस्त लाकडात आली.

पडदा आणि करार

11 मार्च 2011 च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरचे हजारो लोक शाळांच्या व्यायामशाळांत राहू लागले. शेकडो माणसे एकाच उघड्या सभागृहात, जमिनीवर अंथरूण, कपडे बदलायलाही आडोसा नाही. बानने 2004 च्या निइगाता भूकंपापासून यावर काम चालवले होते. त्या वेळी एकांत मिळावा म्हणून कित्येकजण मोटारीत झोपत आणि अवघडून बसल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊन काहींचे प्राण गेले. बानचा उपाय साधा : जाड नळ्यांचे खांब, त्यांच्या भोकांतून ओवलेल्या बारीक नळ्यांच्या तुळया, त्यावर पांढरे कापड, ते जागेवर ठेवायला सेफ्टी पिना. खिळा नाही, हातोडा नाही. दोन-तीन माणसे काही मिनिटांत खोली उभी करतात.

अडचण आली ती अधिकाऱ्यांची. असे पूर्वी कधी झाले नाही, पडद्याआड कोण काय करते ते कसे कळणार, असे आक्षेप घेतले गेले. बान आणि त्याचे विद्यार्थी एकेका आश्रयस्थानात जाऊन नमुना जोडून दाखवत राहिले. अखेर सुमारे 50 ठिकाणी 1,800 हून अधिक खोल्या झाल्या. ओनागावा या किनारी गावात सपाट जमीन शिल्लक नव्हती, तेव्हा बेसबॉलच्या मैदानावर मालवाहू कंटेनर बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक रचून तीन मजल्यांपर्यंतची घरे बांधली. मधल्या मोकळ्या जागांत उजेडाच्या ऐसपैस खोल्या झाल्या. 189 कुटुंबे तिथे राहिली. लहान नमुन्यांवर घेतला जाणारा आक्षेप इथे निकालात निघाला.

न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात 2011 च्या भूकंपात 185 माणसे गेली आणि दगडी कॅथेड्रल मोडकळीस आले. बानने कसलेही मानधन न घेता तात्पुरत्या कॅथेड्रलचा आराखडा दिला. 2013 मध्ये ते खुले झाले. 700 माणसे बसतील एवढे. नळ्यांच्या पोटात लाकडी तुळया घालाव्या लागल्या, म्हणजे भार एकट्या कागदावर नाही. तरी दगडी इमारतीचे काय करायचे यावर शहर वर्षानुवर्षे वाद घालत असताना लोक प्रार्थनेला जमले ते या कॅथेड्रलमध्ये.

त्यानंतरही काम थांबलेले नाही. 2022 मध्ये युक्रेनचे निर्वासित पोलंडमध्ये पोहोचले तेव्हा त्यांच्या आश्रयस्थानांत बानचे हेच पडदे लागले. टोकियोच्या योयोगी परिसरात त्याने रंगीत पारदर्शक काचेची सार्वजनिक स्वच्छतागृहे बांधली. आत कोणी नाही आणि जागा स्वच्छ आहे हे बाहेरून दिसते. कडी लावली की काच धूसर होते. एकांत ही चैन नव्हे, प्रत्येकाचा हक्क आहे, हा त्याचा आग्रह व्यायामशाळेतल्या पडद्यात आहे तसाच या काचेतही आहे.

माझ्या मते मात्र बानचे सर्वांत दूरगामी काम इमारतींच्या छायाचित्रांत सापडणार नाही. आपत्ती आल्यावर परवानगी मागत बसायला नको, म्हणून त्याच्या स्वयंसेवी संस्थेने जपानमधल्या अनेक स्थानिक प्रशासनांशी आधीच करार केले आहेत. नळ्या कोण पुरवणार, कोण जोडणार, हे भूकंपाआधीच ठरलेले असते. जे आडोसे निइगातात दाखवायलाही कष्ट पडत, ते आता आपत्ती-व्यवस्थापनाचा नेहमीचा भाग होऊ लागले आहेत. दर पावसाळ्यात पूरग्रस्तांना शाळांच्या वर्गांत आणि सभागृहांत हलवणाऱ्या आपल्या देशाने बानकडून आधी काय घ्यावे, असे कोणी विचारले तर मी मेट्झचे छप्पर सांगणार नाही. मी म्हणेन : हा करार घ्या. जिल्ह्यातला नळ्यांचा कारखाना, महाविद्यालयातले विद्यार्थी आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांनी कोरड्या दिवसांत एकत्र बसून तो करायचा आहे.