घर्षणाच्या जोरावर धावणारी शर्यत

मोटारींच्या शर्यतीचा एक अगदी साधा प्रकार अमेरिकेत लोकप्रिय आहे. त्यात वळणे नाहीत, फेऱ्या नाहीत. पाव मैलाचा, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचा सरळ रस्ता, त्यावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन मोटारी आणि मध्ये दिव्यांचा एक खांब, एवढाच सारा पसारा! हिरवा दिवा लागला की दोन्ही मोटारी सुटतात. हिला ड्रॅग शर्यत म्हणतात. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियात विमानतळाच्या धावपट्टीवर अशा शर्यती रीतसर होऊ लागल्या आणि १९५१ साली त्यांचे नियमन करण्यासाठी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली.

आता कल्पना करा, की तुम्ही स्वयंचलित गियर असलेल्या एका दमदार स्पोर्ट्‌स मोटारीत बसला आहात. क्लच नाही, गियर बदलण्याची कटकट नाही. हिरवा दिवा लागला. तुम्ही काय कराल? वर्गात हा प्रश्न विचारला, तर बहुतेक विद्यार्थी एकच उत्तर देतात: “अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा!” पण असे केले, तर मागची चाके जागच्या जागी गरगर फिरतात, टायरमधून धूर निघतो आणि शेजारची मोटार पुढे निघून जाते. इंजिनाने सारी शक्ती लावली, तरी मोटार मागे का पडली?

मोटारीला पुढे कोण ढकलते?

“इंजिन” हे उत्तर अपुरे आहे. न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार वस्तूची गती बदलायला बाहेरचे बल लागते आणि इंजिन तर मोटारीच्या आतच असते! इंजिन फक्त चाके फिरवते. फिरणारे चाक रस्त्याला मागे ढकलते आणि तिसऱ्या नियमानुसार रस्ता चाकाला पुढे ढकलतो. रस्त्याचे हे बल म्हणजेच घर्षण. घर्षण गतीला विरोध करते, असे आपण पाठ केलेले असते. पण मोटारीला पुढे नेणारे बल घर्षणाचेच असते. ते विरोध करते, ते टायरच्या रस्त्यावरून घसरण्याला.

मात्र या बलाला मर्यादा आहे. चाकावरील भाराला घर्षणगुणांकाने गुणले, की जास्तीत जास्त घर्षण मिळते. शर्यतीसाठी तयार केलेल्या रस्त्यावर चांगल्या टायरचा गुणांक सुमारे १ धरू. चाकाने याहून जास्त बल लावायचा प्रयत्न केला, की ते घसरू लागते आणि घसरणाऱ्या टायरचे घर्षण आणखी कमी होते. येथे एक बारकावा आहे. रबर लवचीक असल्यामुळे चाक रस्त्यापेक्षा थोडेसे, साधारण दहा-पंधरा टक्के, जास्त फिरत असताना टायरची पकड सर्वांत चांगली असते. कुशल चालक चाकांना याच सीमारेषेवर ठेवतो.

मागच्या चाकांवरचा भार

एक उदाहरण सोडवू. मोटारीचे वस्तुमान १६०० किलोग्रॅम, वजन पुढच्या व मागच्या चाकांवर समान वाटलेले आणि इंजिनाची शक्ती फक्त मागच्या चाकांना मिळते, असे समजा. उभ्या मोटारीत मागच्या चाकांवर ८०० किलोग्रॅमचा भार येईल. म्हणजे मिळणारे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निम्मे, ०.५ ग्रॅ, असायला हवे. येथे ‘ग्रॅ’ म्हणजे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग.

प्रत्यक्षात ते याहून जास्त मिळते. बस झटक्याने सुटली, की आपण मागे रेलतो. तशीच मोटारही मागे बसते, तिचे नाक वर उचलले जाते. कारण रस्त्याचे बल जमिनीलगत लागते, तर मोटारीचा गुरुत्वमध्य त्याच्या वर असतो. त्यामुळे पुढच्या चाकांवरचा काही भार मागच्या चाकांवर जातो. गुरुत्वमध्याची उंची ही पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतराच्या एक-पंचमांश असेल, तर गणिताने त्वरण ०.६२५ ग्रॅ येते आणि मागचा भार १००० किलोग्रॅम होतो. पण हा भार मोटार वेग घेऊ लागल्यावरच मागे येतो. म्हणून पहिल्या क्षणीच पूर्ण बल लावले, तर चाके घसरतात. बल क्रमाने वाढवत नेले, तर पकडही त्याबरोबर वाढत जाते.

आता इंजिनाकडे पाहू. त्याचे बल-आघूर्ण, ज्याला टॉर्क म्हणतात, ते ४०० न्यूटन-मीटर आहे. पहिला गियर ते चौपट करतो, मागच्या आसावरील दाते आणखी तिप्पट करतात. चाकाची त्रिज्या ०.३२ मीटर असेल, तर चाक रस्त्यावर १५,००० न्यूटन बल लावू शकेल. घर्षणाची मर्यादा मात्र ९,८०० न्यूटन! म्हणजे सुरुवातीला कमतरता इंजिनाची नसून पकडीची असते.

तेलातून जोडलेले इंजिन

स्वयंचलित मोटारीत इंजिन व गियरपेटी यांना सहसा ‘टॉर्क कन्व्हर्टर’ जोडतो. याचे मूळ जहाजांत आहे. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरावा लागतो. हा मेळ घालण्यासाठी हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली तेल-पाण्यासारख्या द्रवातून शक्ती पोचवणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले.

विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच सुरू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागेल. कन्व्हर्टरमध्ये हेच हवेऐवजी तेलाने घडते. मेदूवड्याच्या आकाराच्या पोलादी भांड्यात इंजिनाला जोडलेले पात्यांचे चाक तेल भिरकावते आणि ते तेल गियरपेटीला जोडलेले समोरचे चाक फिरवते. दोहोंच्या मध्ये तिसरे छोटे चाक असते. ते परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून त्याचा उपयोग पुन्हा इंजिनाच्या बाजूने करून घेते. त्यामुळे मोटार उभी असताना टॉर्क जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. ही फुकटची ऊर्जा नव्हे. जेवढा टॉर्क वाढतो, त्याहून जास्त प्रमाणात फिरण्याचा वेग कमी झालेला असतो.

दोन पायांचे काम

चालक रेषेवर येतो, तेव्हा डावा पाय ब्रेकवर घट्ट ठेवतो आणि उजव्याने अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबतो. इंजिन मिनिटाला, समजा, २००० फेऱ्यांपर्यंत चढते. चाके थांबलेली असतात, पण कन्व्हर्टरमधले तेल जोरात फिरत असते आणि दात्यांमधील ढिलाई निघून जाते. दिवा लागताच ब्रेक सोडायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर एका दमात न दाबता, चाके घसरणार नाहीत अशा बेताने तळापर्यंत न्यायचा.

ब्रेक लावून इंजिन असे चढवणे दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त चालू देत नाहीत. २००० फेऱ्यांना २०० न्यूटन-मीटर टॉर्क धरला, तर शक्ती सुमारे ४२ किलोवॅट होते. मोटार हललेलीच नसल्याने या साऱ्या शक्तीची उष्णता होते. पाणी तापवण्याच्या दीड किलोवॅटच्या २८ कांड्या एकदम तेलात बुडवल्यासारखे हे आहे! कन्व्हर्टरमध्ये पाच किलोग्रॅम तेल असेल, तर तीन सेकंदांत ते बारा-तेरा अंशांनी तापेल. अर्धा मिनिट असेच चालले, तर तेल खराब होऊन गियरपेटीची हानी होईल.

९.६५ सेकंदांचा हिशेब

२०१८ सालच्या मॉडेलची ‘डॉज चॅलेंजर एसआरटी डीमन’ ही आठ स्वयंचलित गियरांची, ८४० अश्वशक्तीची मोटार. तिने पाव मैल ९.६५ सेकंदांत पार केल्याची नोंद आहे. शेवटी तिचा वेग ताशी २२५ किलोमीटर होता. या दोन आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. ४०२ मीटरला ९.६५ ने भागले, तर सरासरी वेग ताशी १५० किलोमीटर येतो. त्वरण सर्वत्र सारखे असते, तर शेवटचा वेग सरासरीच्या दुप्पट, म्हणजे ३०० झाला असता. तो २२५ च आहे. याचा अर्थ, मोटारीने सुरुवातीला खूप जास्त त्वरण घेतले आणि पुढे ते कमी होत गेले. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. वेग वाढला, की तेवढ्याच शक्तीत बल कमी मिळते. म्हणून अशा मोटारीला सुरुवातीला घर्षण अडवते आणि पुढे इंजिन.

या मोटारीत ब्रेकऐवजी गियरपेटीच आतून अडवून ठेवण्याची सोय होती आणि सुटताना तिची पुढची चाके जमिनीवरून उचलली जाऊ शकत. तसे झाले, की संपूर्ण भार मागच्या चाकांवर येतो!

सुटताना एक दशांश सेकंद वाया गेला, तर पुढे तो भरून निघत नाही. शेवटी सेकंदाला ६० मीटर वेग असेल, तर तेवढ्याने मोटार सहा मीटर, म्हणजे एका मोटारीच्या लांबीहून जास्त, मागे राहते.

घर्षणगुणांक तुम्हालाही मोजता येईल. लाकडी फळीवर खोडरबर ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. रबर घसरू लागेल, तेव्हाच्या कोनाचे टॅन्जंट म्हणजेच घर्षणगुणांक. फळी ओली करून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा.

ते आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण मोटारीला वेग देणारे घर्षणच तिला थांबवतेही. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार, गुणांक ०.७ असलेल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर गुणांक ०.४ झाला, तर तिला ३५ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला, तर अंतर चौपट होते. २००८ साली स्कॉट कालिटा हा नामवंत चालक अमेरिकेतील ड्रॅग शर्यतीच्या पात्रता फेरीत मृत्युमुखी पडला. त्यानंतर सर्वांत वेगवान गटांच्या मोटारींसाठी शर्यतीचे अंतर ४०२ वरून ३०५ मीटर करण्यात आले. थांबायला जागा जास्त हवी, हे त्यामागचे एक कारण होते. बंदिस्त रस्त्यावर, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीही इतकी काळजी घ्यावी लागते. मग रहदारीच्या रस्त्यावर शर्यत लावणारा कशाच्या भरवशावर असतो? टायरखालच्या हातभर जागेच्या घर्षणाच्या! आणि ते किती आहे, हे त्याने कधी मोजलेले नसते.